दारातली बाटली

बाटली पुन्हा दारात होती. रसेल पूर्वी प्यायचा तीच व्हिस्की. सील न फोडलेली, पायपुसण्याच्या मधोमध उभी केलेली.

रसेलने तिला हात लावला नाही. दार लोटून घेतलं आणि आर्व्हिडला फोन केला.

"परत आली का?" आर्व्हिड म्हणाला. "दार लाव. कॉफी टाक. निघालोच मी."

आर्व्हिड पुलापलीकडे राहायचा. सगळी उमर डुलुथच्या बंदरात क्रेन चालवलेला, आडव्या हाडाचा म्हातारा. कित्येक वर्षांपूर्वी त्याने स्वतःची दारू सोडली होती. चर्चच्या तळघरात दारू सोडणाऱ्यांचा गट जमायचा. तिथे फक्त पहिलं नाव सांगायचं, आडनाव कुणी कुणाला विचारत नसे. रसेल तुरुंगातून सुटून तिथे पहिल्यांदा आला, तेव्हा सगळे खाली बघत बसले. त्याने काय केलं होतं ते गावाला ठाऊक होतं. आर्व्हिड तेवढा उठला आणि म्हणाला, "याला मी सांभाळतो."

आणि त्याने सांभाळलंही. हाक मारली की यायचा, मग बाहेर बर्फ पडत असो की वादळ असो.

आजही आला. दारातली बाटली उचलली, मोरीत रिकामी केली, वास जावा म्हणून खिडकी उघडली. थंडीने दोघांचेही दात वाजायला लागले.

"माझ्या गाडीखाली गेलेल्या त्या मुलीच्या आईचीच ही करणी," रसेल म्हणाला. "कोर्टात माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली होती, तू पिऊनच मरशील. आता स्वतःच पाजायला निघालीय."

"डोळ्यांनी पाहिलंस?"

"नाही. पण दुसरं कोण असणार?"

"मग नाव घेऊ नकोस. बस इथं. सांग."

काय सांगायचं ते रसेलला माहीत होतं. आर्व्हिड दर वेळी तेच सांगायला लावायचा. मनातलं बाहेर काढल्याशिवाय दारू सुटत नाही, असं त्याचं म्हणणं. सुरुवातीला रसेलला फक्त काच फुटल्याचा आवाज आठवायचा. दारूची धुंदी उतरत गेली तसं एकेक परत येऊ लागलं. चढावरून सायकल हातात धरून चाललेली मुलगी. तिचं पिवळं जाकीट. गाडीचा आवाज ऐकून तिने वळून पाहिलं होतं.

"कसं पाहिलं?" आर्व्हिडने विचारलं.

"ओळखीचं कुणी आलंय असं वाटून. हसणारच होती." रसेलने तोंड झाकून घेतलं. "बस झालं, आर्व्हिड. झोप नाही मला. डॉक्टर गोळी देतो म्हणालेत."

"गोळी म्हणजे दुसरी बाटलीच. एक सोडायची नि दुसरी धरायची?"

"मग ॲरिझोनाला जातो. बहीण बोलावतेय. हा चढ तरी रोज दिसणार नाही."

"पळालास की प्यायलास, समज. इथंच राहायचं, डोळे उघडे ठेवून." आर्व्हिडने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मी आहे ना."

रसेलला रडू आलं. सख्ख्या बापाने कधी त्याच्यासाठी एवढं केलं नव्हतं.

पुढच्या रविवारी दोघं जेवायला बसले होते. आर्व्हिडने घरून माशाचं सूप करून आणलं होतं. खाली गाडी थांबल्याचा आवाज आला. रसेल खिडकीशी गेला. करड्या गाडीतून एक बाई उतरली. डोक्याला रुमाल, कोटाखाली काहीतरी धरलेलं. ती जिन्याकडे आली, थोड्या वेळाने मोकळ्या हातांनी परत गेली.

"तीच!" रसेल कुजबुजला. "हेल्मी. त्या मुलीची, कायसाची आई. आता तरी पटलं?"

आर्व्हिडने मागून वाकून पाहिलं.

"तिचं खरंच आहे," रसेल म्हणाला. "पितो मी. तिची इच्छा पुरी होऊ दे, नि माझीही सुटका होऊ दे."

"बाटलीला शिवशील तर याद राख!" आर्व्हिड एवढ्या जोरात ओरडला की रसेल जागीच थिजला. मग म्हातारा हळू आवाजात म्हणाला, "तू सूप संपव. मी बोलतो तिच्याशी."

दारातली बाटली बगलेत मारून तो जिना उतरला. गाडी सुरू झाली होती. त्याने दार उघडलं आणि सरळ हेल्मीशेजारी जाऊन बसला. वरून रसेल बघत होता. आपल्यासाठी हा माणूस त्या आईची समजूत घालायला गेलाय, या विचाराने त्याला भरून आलं.

हेल्मीने गाडी बंद केली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"तू इथे?"

आर्व्हिडने बाटली मांडीवर ठेवली.

"म्हणजे मी आणून ठेवायची, नि तू ओतून द्यायची?" तिचा आवाज चिरकला. "कोर्टात एक दिवस आला नाहीस. मला एकटीला टाकून पुलापलीकडे जाऊन राहिलास. आणि आता याला खाऊपिऊ घालतोस? सुटताना अटच घातलीय त्याला, एक घोट प्यायला की परत तुरुंगात जाईल, नाहीतर पिऊन पिऊन मरेल. तेवढंच मागतेय मी देवाकडे. आडवा का येतोस? कीव येते त्याची?"

आर्व्हिडने वर पाहिलं. खिडकीतून रसेलने हात हलवला. त्यानेही हलवला.

"तुझी शिक्षा फार हलकी आहे, हेल्मी," तो म्हणाला. "माझ्याकडे आला तेव्हा त्याला आपल्या पोरीचा चेहरासुद्धा आठवत नव्हता. आता डोळे मिटले की तीच दिसते. मी जिवंत आहे तोवर त्याच्या ओठांना थेंब लागू देणार नाही."