न भरणारी टाकी

कोपऱ्यावरच्या नव्या घरापुढे मैला उपसणारी गाडी घरघरत होती आणि म्हातारा गवंडी ओट्यावर बसून मजा बघत होता.

"आजकालची कामं ही अशी," तो सुनेला म्हणाला. "आत्ता बांधली, आत्ता तुडुंब. आपल्या टाकीचं झाकण बांधल्यापासून उघडलेलं नाही. गल्लीतल्या सगळ्या जुन्या टाक्या याच हातच्या. एकीची तक्रार नाही."

सून विहिरीकडे निघाली. आत तिची पोर पुन्हा पोट धरून झोपली होती. डॉक्टरांनी पाण्यावर बोट ठेवलं तेव्हा म्हाताऱ्याने ते शेजारच्या गोठ्याकडे वळवलं होतं. विहीर आपली, टाकी आपली, म्हणजे खोट लोकांचीच असणार.

तिने विहिरीतून बादली ओढली आणि त्याच्यापुढे ठेवली. पाणी जांभळट होतं.

"विहिरीत रंग कोणी टाकला?"

"विहिरीत नाही, बाबा. परवा मी संडासात ओतला. कपडे रंगवायचा."

म्हातारा चिडला. घरच्या माणसाला विचारायची पद्धत असते. मग त्याने पाण्यात बोटं बुडवली.

"तडा गेला असेल कुठे तरी," तो पुटपुटला.

"टाकीला तळ कसला केला होता?"

तळ केलाच नव्हता. खाली मुरूम तसाच ठेवला की पाणी जिरतं, टाकी भरत नाही, मालक खूश. ही त्याची स्वतःची युक्ती. तिच्यासाठीच लोक त्याला शोधत यायचे. जिरलेलं पुढे जातं कुठे, हे त्यांनी कधी विचारलं नाही आणि त्यानेही नाही. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

आतून पोरीने पाणी मागितलं. सून उकळून गार केलेलं पाणी घेऊन आत गेली.

म्हाताऱ्याने चपला घातल्या आणि रस्ता ओलांडला. समोरच्या घरातली बाई हातपंपावर हंडा भरत होती. त्याला बघून तिने हसत गाडीकडे मान उडवली.

"बघा मिस्त्री, तिकडे लोकांचे काय हाल. आमची टाकी तुमच्या हातची, अजून एकदाही उपसावी लागली नाही. बसा, चहा टाकते."

हंडा काठोकाठ भरला होता. पाणी अगदी स्वच्छ दिसत होतं.

"चहा राहू द्या, वहिनी," म्हातारा म्हणाला. "आधी तो हंडा ओतून टाका."