अडकलेला नांगर
सिंगापूरच्या समुद्रात जहाज वाऱ्यानं घसरलं आणि कॅप्टन गोपीनाथचा दोन हत्तींएवढा नांगर तळाशी असा अडकला, जणू पाताळातून कुणी साखळी धरून बसलंय. त्यानं नकाशा उघडून पाहिला. खाली इंटरनेटची केबल होती! "साहेब, ओढू जोर लावून?" खलाशानं विचारलं. "खबरदार! केबल तुटली तर अर्ध्या जगाची दातखीळ बसेल." नांगर साखळीसकट सोडून देणं एवढाच मार्ग होता, पण मालकानं बजावलं होतं, आणखी नुकसान झालं की घरी बसायचं. तेवढ्यात सिंगापुरातल्या बेडोकच्या घरून बायकोचा व्हिडिओ कॉल आला. "अहो, आपल्या अनुजाचं लग्न जमलं! मुलाचे वडील पुण्याहून लाइनवर आहेत, बोला ना!" व्याही खुशीत म्हणाले, "अगदी समोर बसल्यासारखे दिसताय! जहाजाचे कॅप्टन ना आपण?" "या क्षणापर्यंत तरी," म्हणत गोपीनाथनं खलाशाला साखळी सोडायची खूण केली.