पदभार

भूशास्त्र विभागाच्या विद्यार्थी असोसिएशनमध्ये एक रीत होती. निरोपाच्या दिवशी जुन्या अध्यक्षानं दगड फोडायचा हातोडा नव्या अध्यक्षाच्या हाती द्यायचा, आणि त्याचा फोटो व्हरांड्यात लागायचा. गेल्या वर्षी कन्हानच्या मिनलनं तो हातोडा घेतला, तेव्हा आईनं तिचा फोटो साऱ्या नातेवाइकांना पाठवला होता.

आज स्वतःच्या निरोपाच्या दिवशी हातोडा पुसून ती रिकाम्या वर्गात उभी होती. शेवटच्या वर्षातले सोबतचे दोघे बँकेच्या परीक्षेला गेले होते, आणि एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला यंदा एकही प्रवेश झाला नव्हता.

"सर, देऊ कोणाले?" तिनं विचारलं.

विभागप्रमुख बोरकुटे सर चष्मा पुसत राहिले. "पोरी, पुढच्या महिन्यात तपासणीवाले येऊन राहिले. असोसिएशन चालू दिसली पाहिजे, नाही तर विभाग बंद करतीन. फोटो तर लागनच."

सरांनी बोलावलेल्या फोटोवाल्यानं कॅमेरा डोळ्याला लावला. "मॅडम, थोडं हसा."



मिनलनं उजव्या हातातला हातोडा डाव्या हातात दिला, आणि सरांनी एकट्यानंच टाळ्या वाजवल्या.