दिवेवाल्याची रात्र

माझी नात इक्रा कॉलेजात गेली, त्या वर्षीची गोष्ट. एकदा घरी तिने मोबाईलवर कॅरिबियन समुद्रातल्या एका छोट्या बेटाच्या दीपगृहाचा इतिहास मला वाचून दाखवला. चौऱ्याऐंशीच्या वादळात त्या बाजूने गेलेल्या खलाशांनी आठवणी कळवाव्यात, असं खाली लिहिलं होतं.

"नाना, तुमचं जहाज होतं ना तिथे? सांगा, मी टाइप करते."

"मीच लिहीन. इंग्रजी तू कर. साठीनंतर अक्षरं गिरवली, ती काय नुसत्या औषधाच्या चिठ्ठ्या वाचायला?"

मी लिहिलं, 'तो दिवा दर वेळी दहा मोजले की चमकायचा. त्या रात्री कधी आठाला चमकला, कधी तेराला. दिवेवाला दारू प्यायलाय म्हणून आम्ही त्याला शिव्या घातल्या. पण पहाटेपर्यंत दिवा एकदाही बंद पडला नाही, म्हणून आम्ही बावीस जण वाचलो.'

आठवड्याने दिवेवाल्याच्या मुलीचं उत्तर आलं.

"नाना, वादळात यंत्र अडकलं होतं. तिची आई रात्रभर हाताने दिवा फिरवत होती, एकटी. तिकडे कुणी ते खरं मानत नव्हतं. पण यंत्राने फिरणारा दिवा असा पुढेमागे चमकत नाही, ते तुमच्या पत्रावरून पटलं. आता इतिहासात तिचं नाव घालतायत!"

"आणि तो दिवेवाला कुठे होता?"

इक्राने पुढची ओळ वाचली. दिवेवाला वादळाच्याच दिवशी दुपारी वारला होता.