पहिल्या रात्रीचं घोंगडं

सिस्टरांच्या हायस्कूलला पन्नास वर्षं झाली म्हणून प्रदर्शन भरलं होतं. मेंढरांमागं जन्म काढलेली बनाबाई वडूजहून मुद्दाम हात जोडायला आली होती. तिची नात इथल्याच बोर्डिंगात राहून शिकली आणि जनावरांची डॉक्टर झाली.

"सिस्टर, एक इच्यारू?" ती म्हणाली. "माझ्या कुशीबिगर कवा न झोपणारी पोर ती. हितं आणून सोडली त्या राती रडलीसुदीक न्हाई म्हणं. काय केलंसा तुमी?"

सिस्टर ॲग्नेलांनी हसून टेबलावरचं काळं घोंगडं दाखवलं. "नवी मुलगी आली की पहिल्या रात्री आम्ही हे तिच्या अंगावर घालतो. तुमची नात तर मेंढरांचा वास आला तशी लगेच झोपली. शाळेला भिंतीही नव्हत्या तेव्हाचं आहे हे. पहिल्या सिस्टर थंडीत कुडकुडताना बघून कुणी मेंढपाळ देऊन गेला. नावसुद्धा सांगितलं नाही त्यानं."

बनाबाईनं घोंगड्याचा कोपरा उलटला. ठिणगीनं पडलेल्या भोकावर तांबड्या दोऱ्याचे वेडेवाकडे टाके होते. तिच्याच हातचे. बापानं लग्नात दिलेलं घोंगडं रानात हरवलं असं नवऱ्यानं सांगितलं, म्हणून अख्खी थंडी ती त्याच्याशी धड बोलली नव्हती. आता तर त्याला जाऊनही बरीच वर्षं झाली होती.

"आवं, मला तरी सांगायचं व्हतं," ती पुटपुटली, आणि तिनं आधी घोंगड्यालाच हात जोडले.