केतकीचा फंड

"काका, ठरवलेली पंचवीस वर्षं पूर्ण झाली. पैसे चांगले आठपट झालेत बघा," फंडाच्या ऑफिसातली तरुणी कौतुकानं म्हणाली. "मुलीच्या लग्नासाठी होते ना? कधी आहे लग्न?"

मनोहररावांनी मान खाली घातली. उत्तर त्यांच्या बायकोनं, शैलजाबाईंनी दिलं. "ती नाही आता. सोळाव्या वर्षी डेंग्यूनं गेली."

तरुणी ओशाळली. शैलजाबाईंना मात्र राग आला तो नवऱ्याचाच. केतकी जन्मली तेव्हा मनोहररावांनी शेअर बाजारातला हा फंड सुरू केला होता. ती गेली, तरी हप्ता एकदाही चुकला नाही. लेक गेल्यावरही हा माणूस रोज सकाळी चहा घेताना बाजारभाव कसा बघू शकतो, हे शैलजाबाईंना कधीच समजलं नव्हतं. आज त्याच नवऱ्याला हट्टानं मिरजेच्या या ऑफिसात घेऊन आल्या होत्या.

"बंद करून टाकायचंय," त्या म्हणाल्या. "सही करा हो."

मनोहररावांनी पेन उचललं आणि परत ठेवलं.

"शैला, केतकी सोळाचीच राहिली. फोटोसुद्धा तेच राहिले. घरात तिचं म्हणून वाढत होतं ते एवढंच गं. म्हणून रोज बघायचो."

एवढ्या वर्षांत त्यांना रडताना शैलजाबाई पहिल्यांदाच पाहत होत्या. त्यांनी नवऱ्याचा हात हातात घेतला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

मग त्या तरुणीला म्हणाल्या, "राहू दे चालू. पुढच्या महिन्यापासून माझ्या पेन्शनमधलेही थोडे कापत जा, बाळ."