वाद घालायचा नाही

स्मृतिभ्रंशाच्या पेशंटना घरी जाऊन तपासायचं, गोळ्या नीट चालू आहेत का बघायचं, हे माझं नर्सचं काम. घरच्यांना मी पहिल्याच भेटीत बजावते: पेशंटला नसलेलं माणूस दिसलं, तर वाद घालायचा नाही. हात हातात घ्यायचा आणि शांतपणे विचारायचं, "कुठे बसलीय? काय म्हणतेय?"

या आजींच्या सुनेला हे एकदाच सांगावं लागलं. गुणी बाई. आजही दार तिनेच उघडलं आणि मी आजींच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधेपर्यंत ती खिडकीजवळच्या खुर्चीत येऊन बसली.

"झोप कशी आहे यांची?" मी तिला विचारलं.

"बरी आहे, सिस्टर."

आजींनी माझ्याकडे पाहिलं, मग खुर्चीकडे, मग पुन्हा माझ्याकडे. इतकी स्वच्छ नजर मी त्यांची कधी पाहिली नव्हती.

"कोणाशी बोलतेयस गं?"

"अहो आजी, तुमच्या सूनबाईंशी. मला दार कोणी उघडलं मग?"

"दार तर उघडंच..." आजींनी जीभ चावली. मग दंडावरच्या पट्ट्यासकट पुढे वाकून त्यांनी माझा हात हातात घेतला. आवाज त्यांचा होता, पण बोलण्याची ढब सगळी माझी.

"बरं बरं. कुठे बसलीय ती?"

मी खुर्चीकडे बोट दाखवलं.

"अस्सं. आणि काय म्हणतेय?"

खुर्चीतून सून माझ्याकडेच बघत होती.

"सांगू नका, सिस्टर," ती म्हणाली.